परदेशातली पहिलटकरीण आणि प्रसूतीनंतरचे सहा आठवडे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

परदेशात राहणाऱ्या जोडप्यांच्या पहिल्या बाळाविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्यातले बहुतेक सारे प्रसूतीच्या दिवसापाशी येऊन थांबते. रुग्णालय कोणते निवडावे, विम्यातून कोणता खर्च भरून मिळतो, कळा सुरू झाल्यावर घरून केव्हा निघावे, बाळाला कोणत्या देशाचे नागरिकत्व मिळेल, या प्रश्नांवर भरपूर माहिती मिळते आणि ती उपयोगाचीही असते. पण बाळाला घेऊन घरी आल्यानंतरच्या सहा आठवड्यांत बाळंतिणीचे शरीर सावरायचे असते, बाळाचे पिणे मार्गी लागायचे असते आणि दोन माणसांच्या घराला तिसऱ्याची सवय व्हायची असते. त्या आठवड्यांविषयी फारच थोडे वाचायला मिळते. मी स्वतः परक्या देशात पहिल्यांदा आई झाले आणि तेव्हापासून ओळखीतल्या व ओळखीच्यांच्या ओळखीतल्या नव्या आईबापांकडे या काळात मदतीला जात आले आहे. प्रसूतीची काळजी वाहायला रुग्णालय असते. घरी आल्यानंतरची व्यवस्था मात्र जोडप्याला स्वतःच लावावी लागते, आणि ती गर्भारपणातच लावून ठेवली तर निभावते, असे माझे ठाम मत झाले आहे. ते सविस्तर मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसूतीनंतरच्या देखभालीविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या. सारे काही सुरळीत झाले तरी आई आणि बाळ यांनी किमान २४ तास रुग्णालयात राहावे आणि नंतर किमान तीन वेळा त्यांची तपासणी व्हावी, असे त्यात सांगितले आहे: एकदा ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान, एकदा ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान आणि एकदा सहाव्या आठवड्यात. या तपासण्या प्रत्यक्षात कशा होतात, त्यासाठी कोण घरी येते आणि कोणत्या तपासणीसाठी आपल्याला जावे लागते, यात मात्र देशादेशांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. नेदरलँड्समध्ये 'क्रामझोर्ग' नावाच्या व्यवस्थेखाली एक प्रशिक्षित मदतनीस पहिले आठ-दहा दिवस रोज काही तास बाळंतिणीच्या घरी येते, टाके पाहते, बाळाचे तापमान आणि वजन नोंदवते, पाजायला शिकवते आणि घरातली हलकी कामेही उरकते. पण तिच्यासाठी गर्भारपणातच नाव नोंदवावे लागते. जर्मनीत 'हेबामे', म्हणजे रीतसर शिक्षण घेतलेली सुईण, पहिल्या दहा दिवसांत गरज असेल तर रोज येते आणि बारा आठवड्यांपर्यंतच्या तिच्या भेटींचा खर्च सार्वजनिक आरोग्य विमा उचलतो. तीही आपली आपणच शोधायची असते, आणि मोठ्या शहरांत या सुईणी इतक्या कमी पडतात की दिवस राहिल्याचे कळताच शोधाला लागले नाही तर ऐनवेळी कोणी हाती लागत नाही. ब्रिटनमध्ये सुरुवातीचे दिवस मिडवाइफ, म्हणजे सुईण, आणि नंतर हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरी येणारी परिचारिका, कुटुंबाच्या संपर्कात राहते. अमेरिकेत मात्र घरी येणारे बहुधा कोणीच नसते. बाळाला दोन-तीन दिवसांत बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे लागते आणि आईची स्वतःची तपासणी वर्षानुवर्षे थेट सहा आठवड्यांनंतरच होत आली. तिथल्या स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली पहिल्या तीन आठवड्यांतच बाळंतिणीशी संपर्क व्हावा अशी सूचना केली, पण ती प्रत्येक ठिकाणी पाळली जाईल असे धरून चालता येत नाही.

हे सारे सांगण्याचे कारण असे की आपल्या ओळखीतले कोणी दुसऱ्या देशात बाळंत झाले असेल, तर त्यांचा अनुभव आपल्याला लागू पडेलच असे नाही. म्हणून सातव्या महिन्याच्या आसपास, प्रसूतीविषयीचे नेहमीचे प्रश्न विचारून झाले की, तपासणीच्या वेळी आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: घरी गेल्यावर आमच्याकडे कोण येणार, कोणत्या दिवशी येणार, आणि रात्री-अपरात्री काही शंका आली तर फोन कोणाला करायचा? या प्रश्नाचे उत्तर एका कागदावर लिहून तो कागद समोर दिसेल असा लावून ठेवावा. रुग्णालयातून निघताना जी जाडजूड फाइल हाती देतात, ती पहाटे तीन वाजता रडणारे बाळ खांद्यावर घेऊन उघडली जात नाही.

आता माझा मुख्य आग्रह. आजी-आजोबांपैकी कोणी मदतीला येणार असेल, तर त्यांचे येणे प्रसूतीच्या तारखेला बांधू नये. बाळाच्या बाबांची रजा संपण्याच्या सुमाराला बांधावे. डॉक्टरांनी दिलेली तारीख हा एक अंदाज असतो. शंभरातली जेमतेम चार-पाच बाळे नेमकी त्या तारखेला जन्मतात आणि पहिले बाळ पुष्कळदा तारीख उलटल्यावरच येते. तरीही बहुतेक घरांत तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीचे तिकीट काढले जाते. मग आजी येते, परक्या शहरात, परक्या हवेत, लेक-जावई कामावर गेलेले असताना दिवसदिवस एकटी बसते, आणि जेव्हा बाळाचे बाबा कामावर रुजू होतात आणि बाळंतीण खरोखर एकटी पडते, तेव्हा आजीच्या परतीचे दिवस जवळ आलेले असतात. युरोपातल्या शेंगेन देशांचा अल्पमुदतीचा व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहू देतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरो संरक्षणाचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. इतक्या खटपटीने मिळवलेल्या नव्वद दिवसांतले पहिले वीस-पंचवीस वाट पाहण्यात जाणे हे सर्वांच्याच दृष्टीने नुकसानीचे आहे.

यावर कोणी म्हणेल की पहिल्याच दिवसांत तर जाणत्या माणसाची गरज असते. ही भावना मी समजू शकते, आणि सिझेरियन ठरलेले असेल, जुळी असतील किंवा आईला काही आजार असेल, तर आधी येणेच योग्य. पण सर्वसाधारण परिस्थितीत पहिले दोन आठवडे आई, बाबा आणि बाळ या तिघांनाच मिळाले तर त्यांचा पाया पक्का होतो, हे मी वारंवार पाहिले आहे. घरात जाणते माणूस असले की बाळ रडताच ते पुढे होते, आणि नवा बाप आपोआप दोन पावले मागे सरतो. तो एकदा मागे सरला की पुढेही मागेच राहतो. तोच बाप घरात दुसरे कोणी नसताना चार दिवसांत मान सांभाळून बाळ उचलायला, लंगोट बदलायला, ढेकर काढायला शिकतो, आणि मुख्य म्हणजे बाळाच्या रडण्याला घाबरेनासा होतो. पाजण्याची गोष्टही अशीच आहे. पहिले काही दिवस बाळाला नीट तोंडी लावायला वेळ लागतो, अंग उघडे टाकून तासन्‌तास बसावे लागते, रडू येते. अशा वेळी घरात माणसे जितकी कमी तितकी बाळंतीण मोकळी राहते.

अर्थात यासाठी बाबांनी रजा घ्यायला हवी, आणि ती घरात राहून घ्यायला हवी. रजेचे कायदेही देशागणिक वेगळे आहेत. स्वीडनमध्ये १९७४ सालापासून आई आणि बाबा दोघांनाही पालकत्वाची रजा घेता येते. आज ती एका बाळामागे ४८० दिवसांची असून त्यांतले ९०-९० दिवस एकमेकांना देता येत नाहीत, ज्याचे त्यानेच घ्यायचे असतात. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार सदस्य देशांनी जन्माच्या वेळी बाबांना किमान दहा कामकाजाच्या दिवसांची पगारी रजा देणे बंधनकारक आहे. अमेरिकेत देशपातळीवरचा कायदा १९९३ चा आहे. तो बारा आठवडे रजा देतो, पण बिनपगारी, आणि तीही पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत किमान वर्षभर काम झालेले असेल तरच. व्हिसावर येऊन नुकतीच नोकरी बदललेला तरुण या वर्षभराच्या अटीत नेमका अडकतो. म्हणून मनुष्यबळ विभागाला हा प्रश्न पाचव्या-सहाव्या महिन्यातच लेखी विचारावा आणि उत्तरही लेखी मागून घ्यावे. नोकरीवर व्हिसा अवलंबून असल्यामुळे हक्काची रजा मागायलाही काही जण कचरतात. त्यांची भीती मला कळते, पण कायद्याने दिलेली रजा मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे, हे आपल्या मुलांना त्यांच्या आई-वडिलांनीही आवर्जून सांगावे. "एवढी रजा घेऊन साहेबाला काय वाटेल" असे बोल घरूनच ऐकू आले, तर मुलगा रजा अर्धी टाकून कामावर जातो.

दूरवरून केल्या जाणाऱ्या मदतीबद्दलही लिहिले पाहिजे, कारण आज ती मुख्यतः व्हिडिओ कॉलवरून होते आणि तिच्यात जितका जिव्हाळा असतो तितकाच धोकाही असतो. एका घरी मी गेले असताना मिडवाइफ आली होती. तिने टेबलावर वजनकाटा ठेवला, त्यावर मऊ कापड पसरून काटा पुन्हा शून्यावर आणला, बाळाचे सगळे कपडे काढून त्याला अलगद वर ठेवले आणि एक हात त्याच्यावर अधांतरी धरून आकडा वाचला. जन्माच्या वेळेपेक्षा वजन थोडे उतरले होते. पाण्याच्या भांड्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून आजी पाहत होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "अगं, वाळलंय गं बाळ. दूध पुरत नाहीये त्याला. वरचं दूध सुरू कर आजच." बाळंतिणीचा चेहरा पडला. मिडवाइफने मात्र वहीत आकडा लिहिला आणि हसून सांगितले की सारे ठीक आहे.

ठीक होतेच. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन उतरणे हे नैसर्गिक आहे. दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरले तर सहसा घाबरण्याचे कारण नसते, त्याहून अधिक उतरले तर पाजण्याकडे बारकाईने लक्ष द्यावे लागते, आणि साधारण दोन आठवड्यांत बाळ जन्माच्या वजनाला परत येते. पहिले दोन-तीन दिवस येणारा चीक थेंबाथेंबाने येतो आणि तेवढाच त्या इवल्या पोटाला पुरतो. भरपूर दूध उतरायला तिसरा-चौथा दिवस उजाडतो. बाळाला पुरेसे मिळते की नाही हे ओळखायची सोपी खूण म्हणजे ओले लंगोट. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट भिजत असतील, बाळ जागे असताना तरतरीत असेल आणि वजन चढू लागले असेल, तर दूध पुरते आहे. हे त्या आजींना कोणी सांगितलेलेच नव्हते. पडद्यावर दिसणाऱ्या नातवंडावरून तब्येत जोखायची म्हटल्यावर त्या तरी दुसरे काय करणार! म्हणून माझी सूचना अशी की मिडवाइफ किंवा डॉक्टर बाळाविषयी सांगत असतील तेव्हा, त्यांची परवानगी घेऊन, आजी-आजोबांनाही कॉलवर बसवावे आणि डॉक्टरांचे म्हणणे तिथल्या तिथे त्यांना मराठीत सांगावे. ऐकीव गोष्टीवरून निर्माण होणारे निम्मे वाद तिथेच मिटतात.

उरलेले वाद शास्त्र पुढे गेल्यामुळे होतात आणि त्यांत आजच्या आई-बापांनी ठाम राहावे असे मला वाटते. बाळाला उताणेच झोपवावे, पलंगावर उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी ठेवू नयेत, हा आजचा नियम आहे. १९९१ साली ब्रिटनमध्ये आणि १९९४ साली अमेरिकेत याविषयी मोठ्या मोहिमा झाल्या आणि त्यानंतर झोपेतल्या अचानक बालमृत्यूंचे प्रमाण अमेरिकेत निम्म्यावर आले. आपल्या आईने आपल्याला कुशीवर किंवा पालथे झोपवले आणि आपण वाढलो, हे खरे असले तरी त्यावरून आजचा निर्णय घेता येणार नाही. तसेच, सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, वरचे पाणीही देऊ नये, आणि वर्षाच्या आत मध तर मुळीच चाटवू नये, कारण त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. यात मोठ्यांचा अवमान होण्याचा प्रश्नच येत नाही.

आणखी एक गोष्ट परक्या देशात विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. नवजात बाळाची कावीळ त्वचेवरून ओळखायची जी सवय तिथल्या कर्मचाऱ्यांना असते, ती सावळ्या-गव्हाळ वर्णाच्या बाळाबाबत फसू शकते. डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या पाहाव्यात आणि शंका असेल तर बिलिरुबिनची, म्हणजे काविळीत वाढणाऱ्या पिवळ्या द्रव्याची, चाचणी करून देण्याची विनंती स्पष्ट शब्दांत करावी. बाळ पिवळे दिसत असून पाजायलाही उठत नसेल, किंवा शी पांढुरकी होत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

बाळाकडे सगळ्यांचे लक्ष असते. आईकडे, पहिला आठवडा सरला की, कमी होत जाते. या काळातले तिचे मानसिक आरोग्य हा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे बहुतेक जणींना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. ते ओसरले नाही, झोपायला वेळ असूनही झोप येत नसेल, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले असेल किंवा आपण आई व्हायलाच नालायक आहोत असे वाटू लागले असेल, तर ते प्रसूतीपश्चात नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना काही ना काही मानसिक विकार जाणवतो आणि त्यात नैराश्यच प्रमुख असते. स्थलांतरित मातांमध्ये हे प्रमाण अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे, आणि त्याची कारणे शोधायला लांब जावे लागत नाही: माणसे दूर, भाषा परकी, नोकरी थांबलेली, दिवस लहान असतील तर अंधारही लवकर.

या नैराश्याच्या तपासणीसाठी १९८७ साली तयार झालेली एडिंबरा प्रश्नावली अनेक देशांत वापरली जाते. तीत दहा प्रश्न असतात आणि गेल्या सात दिवसांत कसे वाटले ते विचारलेले असते. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो. आपल्या घरांत अडचण होते ती इथेच. बाळंतिणीला तिथली भाषा नीट येत नसेल तर नवरा दुभाषा होतो, आणि नवऱ्याच्या तोंडून विचारलेल्या या प्रश्नांना "सगळं ठीक आहे" याखेरीज उत्तर मिळत नाही. नवरा कितीही प्रेमळ असला तरी ही भूमिका त्याने घेऊ नये. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत दुभाषा विनामूल्य मिळतो. अमेरिकेत केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांवर तो विनामूल्य देण्याचे कायदेशीर बंधन आहे. मराठी दुभाषा फोनवरूनही मिळू शकतो. पहिल्याच भेटीत तशी नोंद करून घ्यावी. आणि बाळंतिणीला भास होऊ लागले, ती असंबद्ध बोलू लागली, दिवसचे दिवस झोप न येताही तिला थकवा जाणवेनासा झाला, तर ती तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. हजारात एक-दोन जणींनाच ती होते, पण त्या वेळी घरगुती समजावणीत एक तासही घालवू नये.

शरीराचे धोकेही प्रसूतीबरोबर संपत नाहीत. तासाभरात पॅड पूर्ण भिजण्याइतका रक्तस्राव, ताप, दुखणारी आणि सुजलेली एक पोटरी, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, डोळ्यांसमोर अंधारी आणणारी तीव्र डोकेदुखी, यांतले काहीही दिसले तर रुग्णालय गाठावे. गर्भारपणातला रक्तदाबाचा विकार प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंतही डोके वर काढू शकतो. तातडीच्या विभागात गेल्यावर पहिले वाक्य "मी अमुक दिवसांपूर्वी बाळंत झाले आहे" हेच असावे. बाळ बरोबर नसेल तर समोरच्या डॉक्टरला ते कळायला दुसरा मार्ग नसतो, आणि साध्या डोकेदुखीची गोळी देऊन परत पाठवल्याचे प्रसंग मला माहीत आहेत.

कागदपत्रांविषयी थोडक्यातच लिहिते. जन्मनोंदणीची मुदत नेदरलँड्समध्ये तीन दिवस, फ्रान्समध्ये पाच दिवस, जर्मनीत एक आठवडा, जपानमध्ये चौदा दिवस, स्कॉटलंडमध्ये एकवीस आणि इंग्लंडमध्ये बेचाळीस दिवस आहे. तेव्हा नावाची चर्चा आधीच आटोपलेली बरी, आणि आई-वडिलांची नावे त्यांच्या पासपोर्टवर जशी आहेत तशीच, अक्षरशः तशीच, अर्जात लिहिली जात आहेत ना हे स्वतः पाहावे. जिथे जन्म झाला तिथले नागरिकत्व मिळते हा समज बहुतेक देशांच्या बाबतीत चुकीचा आहे. ब्रिटनने १९८३ पासून, ऑस्ट्रेलियाने १९८६ पासून आणि आयर्लंडने २००५ पासून त्यासाठी पालकांच्या नागरिकत्वाची किंवा वास्तव्याची अट घातलेली आहे. आई-वडील भारतीय असतील तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील आजच्या तरतुदीनुसार बाळाच्या जन्माची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत करावी लागते आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसल्याचे लिहून द्यावे लागते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी घेण्याची वेळ येते.

पण वर्षभराची मुदत आहे म्हणून कोणी स्वस्थ बसू नये. बाळाला स्वतःचा पासपोर्ट लागतो. आईच्या किंवा बाबांच्या पासपोर्टवर ते प्रवास करू शकत नाही. मायदेशी एखादे आजोबा अत्यवस्थ झाले आणि बाळाचा पासपोर्टच निघालेला नसला, की बाबा एकटे विमानात बसतात आणि ओली बाळंतीण परक्या गावात मागे राहते. असे घडलेले मी जवळून पाहिले आहे. छायाचित्रच अनेक आठवडे अडवून ठेवते, कारण तान्ह्या बाळाने डोळे उघडे ठेवून समोर पाहायला हवे, तोंड मिटलेले हवे आणि मागे पांढऱ्याशिवाय काही नको. बाळाला पांढऱ्या चादरीवर झोपवून, खिडकीचा उजेड दोन्ही गालांवर सारखा पडेल असे पाहून, वरून फोटो घ्यावा. दूध पिऊन झाल्यानंतरची पहिली दहा मिनिटे त्यासाठी सर्वांत चांगली. प्रवास ठरला तर लसीकरणाचे कार्ड बरोबर ठेवावे, कारण वेळापत्रके वेगळी असतात. भारतात जन्मतःच दिली जाणारी क्षयरोगावरची बीसीजी लस अनेक श्रीमंत देशांत सरसकट दिलीच जात नाही, आणि गोवराची लस भारतात नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, तर अमेरिकेत वर्षानंतर. त्याहून लहान बाळाला घेऊन परदेशी जायचे असेल, तर सहा महिन्यांनंतर एक जादा मात्रा देण्याची शिफारस अमेरिकेतही आहे. डॉक्टरांना प्रवासाची तारीख कळवली तरच ते ही गोष्ट सांगू शकतील.

ज्यांच्याकडे कोणीच येऊ शकत नाही, अशी घरेही पुष्कळ आहेत. कोणाचा व्हिसा नाकारला जातो, कोणाच्या घरी आजारी माणूस असते, कोणाला विमानप्रवास झेपत नाही. अशा आजी-आजोबांनी मनाला लावून घेऊ नये. वेळेतल्या फरकाचा उपयोग करून घेता येतो. तिथे मध्यरात्र असते तेव्हा भारतात अनेकदा पहाट, दिवस किंवा संध्याकाळ असते, आणि रात्रीच्या पाजण्याच्या वेळी कोणीतरी आपले माणूस फोनवर आहे, सल्ला न देता नुसते सोबत करते आहे, याचा बाळंतिणीला किती आधार वाटतो हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनाच कळेल. त्या वेळी पहिला प्रश्न "बाळ काय करतंय" ऐवजी "तू जेवलीस का, झोपलीस का" असा असावा.

शेवटी, आपल्या वृत्तपत्राला आणि परदेशांतल्या महाराष्ट्र मंडळांना माझी एक प्रत्यक्ष विनंती आहे. आपल्या आरोग्यविषयक पुरवणीत प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांवर स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांचे लेख एकत्र छापावेत. ते इथल्या आजी-आजोबांनी वाचावेत आणि तिकडच्या मुलांना पाठवावेत. मंडळांनी आपापल्या शहरापुरती एक यादी करावी: रात्री रुग्णालयात गाडीने सोडायला कोण येऊ शकेल, तिथल्या भाषेत बोलायला कोण सोबत येईल, पहिल्या पंधरवड्यात दोन वेळचे जेवण कोण पोहोचवू शकेल, आणि नुकतीच बाळाची वकिलातीत नोंद केलेले कोण आहे. यादीत दहा नावे असली तरी पुरे. नवे जोडपे दिवस गेल्याची बातमी घेऊन मंडळाच्या कार्यक्रमाला येते, त्याच दिवशी ती यादी त्यांच्या हाती द्यावी. मदत मागायला लाजणाऱ्यांना नावे आणि फोन क्रमांक आधीच मिळालेले असले, की फोन करणे सोपे जाते.

आपली विश्वासू,
एक परदेशस्थ वाचक